दोन मिनिटांचं 'सावकाश'

मी मार्केटिंगवाला, त्यात पुणेकर. माझं मत कुणाला मागावं लागत नाही.

२०२१च्या लॉकडाउनमध्ये सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या आमच्या छोट्या कंपनीने आपले ओट्स चिनी दुकानांत विकायचं ठरवलं. त्यासाठी चिनी नाव हवं होतं. माल चालला नाही तर सगळ्यांत नवी म्हणून पॅकेजिंगमधल्या मितालीची नोकरी जाणार होती, आणि तिचा व्हिसा या नोकरीवरच टिकून होता.

सल्लागाराने सहा नावं पाठवली. सोनं, भरभराट, ड्रॅगन, असली. मला झकास वाटली. मितालीने नाक मुरडलं. हॅरिस पार्कच्या तिच्या बिल्डिंगमध्ये अकरा चिनी बिऱ्हाडं होती. तिने प्रत्येकाच्या दाराशी ओट्सचं पाकीट ठेवलं, सोबत चिठ्ठी: 'घरच्या माणसापुढे वाटी ठेवताना तुम्ही काय म्हणता?' आठ घरांतून एकच उत्तर आलं, 'मान मान छ.' म्हणजे सावकाश खा.

"मग नाव 'मान मान'च ठेवू या," ती झूमवर म्हणाली.

मी उखडलो. "अगं, पाकिटावर 'दोन मिनिटांत तयार' आणि नाव सावकाश? लोक हसतील!"

"शिजायला दोन मिनिटं, शिरीष. खायला कसली घाई? पंगतीत आपण म्हणतोच ना, सावकाश होऊ द्या?"

आमचा बॉस ट्रेव्हर "नो वरीज, करून बघू," म्हणाला. मी आठवडाभर फुगून बसलो.

लोक खरंच हसले. पाकिटाचे फोटो एकमेकांना पाठवून हसले आणि हसत हसत विकतही घेऊ लागले. मग मेलबर्नच्या एका चिनी नर्सचा मेसेज आला. 'दोन वर्षं आईला भेटले नाही. शिफ्टला उभ्या उभ्याच काहीतरी तोंडात टाकते. काल तुमचं पाकीट उघडलं, नाव वाचलं आणि खुर्ची ओढून बसून खाल्लं.'

मला भडभडून आलं. पंचवीस वर्षं जाहिराती लिहिल्या, पण माझ्या एका ओळीने कुणाला दोन घास बसून खायला लावले नव्हते. या पोरीने ते अकरा चिठ्ठ्यांत केलं. मीच तो मेसेज मीटिंगमध्ये वाचून दाखवला.

दुपारी ट्रेव्हरने मितालीच्या व्हिसाच्या कागदांवर सही केली. मी फोन करून सांगितलं, तर पलीकडून नुसते हुंदके.

"सॉरी, शिरीष, एक मिनिट..."

"रड गं, पोटभर रड," मी म्हटलं. "आता तुला कुठेही जायचं नाहीये."