आवडलं नाही, एवढंच

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयात बापूजी ग्रंथपाल होते. लोक त्याच त्या कादंबऱ्या फिरवून फिरवून नेतात आणि बाकीच्या कपाटांना हातही लावत नाहीत, याचं त्यांना फार वाईट वाटे. म्हणून शहात्तर सालच्या जानेवारीत त्यांनी एक टूम काढली. बारा महिने, बारा विषय. दर महिन्याला एक विषय ठरायचा, त्यातलं कुठलंही पुस्तक आपल्या मनाने निवडायचं, वाचायचं, आणि शेवटच्या रविवारी आतल्या सभागृहात जमून त्याबद्दल बोलायचं. जो बाराही महिने टिकेल तो खरा वाचक.

तारानं पहिल्याच दिवशी नाव दिलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हे तिचं काम. रविवारच्या बैठकीत मात्र लोक तिचं ऐकत. जानेवारीत चरित्र झालं, फेब्रुवारीत जंगल आणि शिकार, मार्चमध्ये दुसऱ्या भाषेतून आलेलं पुस्तक. ज्या विषयाकडे आपण कधी वळलो नसतो तिकडे ही टूम आपल्याला ओढून नेते, याची तिला मोठी गंमत वाटे.

तिथेच तिची रंभाबाईंशी ओळख झाली. रंभाबाई मूळच्या काटोलच्या, आता इतवारीत राहत. नवऱ्याचा संत्र्यांचा व्यापार, मुलं मोठी झालेली. ओळीखाली बोट धरून त्या हळूहळू वाचत. महिन्याला एकच पुस्तक व्हायचं, पण पुरं व्हायचं. "मले काई बोलता येत नाई वं," असं दर वेळी म्हणत आणि मग सगळ्यात जास्त वेळ बोलत.

एप्रिलचा विषय निघाला 'आपल्या गावचा लेखक'. आता आपल्या गावचा लेखक म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे गेल्या. वाचनालयाचे अध्यक्ष कृष्णकांत वाडेगावकर हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी 'सुलक्षणेची समई' नावाची कादंबरी लिहिली होती आणि तिच्या बऱ्याच प्रती वाचनालयाला भेट दिल्या होत्या. त्या महिन्यात त्या पहिल्यांदाच कपाटाबाहेर आल्या.

बैठकीला कृष्णकांत सर मधल्या खुर्चीत बसले. एकेक जण उठून बोलू लागला. कोणी भाषेला नमस्कार केला, कोणी संस्कारांना. एका वकिलांनी तर पुस्तक छातीशी धरलं. सर डोळे मिटून मान हलवत होते.

तारा उभी राहिली. "सुलक्षणा तीनशे पानं गप्प आहे," ती म्हणाली. "नवरा दुसरं लग्न करतो, ती गप्प. दीर शेत लिहून घेतो, तरी गप्प. शेवटी समई लावता लावता ती मरते आणि लेखक म्हणतो, धन्य ती माउली. मला काही धन्य वाटलं नाही. मला राग आला, आणि तो सुलक्षणेचा नव्हे, लेखकाचा आला. त्यांनी तिला बोलायला एक वाक्यसुद्धा दिलं नाही. मला हे पुस्तक आवडलं नाही."

मग मागून रंभाबाई म्हणाल्या, "मले बी नाई आवडलं. पन सगळे वाहवा करून राहिले, तं म्या म्हनलं, आपल्यालेच समजलं नसंल."

कोणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. सरांनी डोळे उघडले.

दोन दिवसांनी तारा नवं पुस्तक आणायला गेली, तर बापूजींनी तिचं कार्ड अडवून ठेवलं होतं. ते तिच्याकडे बघेनात. "अध्यक्षांचं म्हणणं आहे, सभेत बेशिस्त झाली," ते हळूच म्हणाले. "दोन ओळी माफीच्या लिहून द्या ताराबाई. विषय संपेल."

"माफी कशाची लिहू?"

"लिहा काहीतरी. गैरसमज झाला म्हणा."

"माझा काही गैरसमज झालेला नाही बापूजी. मला पुस्तक नीट समजलं."

आणीबाणीच्या त्या वर्षी शिस्त हा शब्द जिथे तिथे होता. ऑफिसच्या भिंतींवर होता, बसच्या पाठीवर होता. बापूजींनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "हट्ट नका करू." तारा रिकाम्या हातांनी घरी आली.

घरी तिच्या नवऱ्याला, श्रीधरला, हे आधीच कळलं होतं. कृष्णकांत सर त्याचे शाळेतले मुख्याध्यापक, आणि त्यांनीच शब्द टाकून त्याला कारकुनाची नोकरी मिळवून दिली होती.

"तुला काहून बोलायचं होतं?" तो म्हणाला. "सगळे चांगलं म्हणून राहिले होते ना? तूही म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"मग मी वाचायचं कशाला? न वाचताही चांगलं म्हणता आलं असतं."

"सर रस्त्यात भेटले तर मी तोंड कसं दाखवू?"

"जसं आहे तसं दाखवा. तुम्ही कुठे काय बोललात?"

"दोन ओळी तर लिहायच्या, तारा."

"दोन ओळीच आहेत म्हणून तर जड जातात. आज या लिहिल्या, की पुढच्या रविवारी उठून बोलताना आधी मधल्या खुर्चीकडे बघावं लागेल. मी नाही लिहिणार."

तिची सासू यमुताई खाली बसून कैरी चिरत होत्या. त्याही तिच्याच कार्डावर आलेली पुस्तकं वाचत, म्हणजे कार्ड गेलं ते त्यांचंही गेलं. हातातली कैरी त्यांनी चिरून संपवली. मग विळी आडवी करून म्हणाल्या, "ते पुस्तक आहे का घरात?"

होतं. परत करायचं राहिलं होतं.

त्यानंतर रोज दुपारी यमुताई खोलीत चटई टाकून 'सुलक्षणेची समई' वाचू लागल्या. तारा ड्यूटीवरून आली की त्यांचे डोळे लाल दिसत. पुस्तक संपलं त्या दिवशी श्रीधरने चहा पिता पिता विचारलं, "कसं वाटलं, आई?"

"फार आवडलं मला," यमुताई म्हणाल्या. "रडले मी."

श्रीधरचा चेहरा उजळला. "मग सांग ना हिला! सांग, की लिहून दे म्हणून."

"काहून सांगू?" यमुताईंनी कप खाली ठेवला. "मला आवडलं, तिला नाही आवडलं. त्यात माफी कसली रे? उद्या मी केलेली भाजी तुला नाही आवडली तर काय लिहून घेऊ तुझ्याकडून?"

श्रीधर चहा अर्धा टाकून उठला. तारानं सासूकडे पाहिलं. त्यांना पुस्तक आवडल्याचा तिला थोडा रागच आला होता, आणि तरी त्या क्षणी तिला त्यांचे हात धरावेसे वाटले. तिने धरले नाहीत. तसं त्या घरात कोणी करत नसे.

मे महिन्याचा विषय होता प्रवास. रंभाबाईंनी आपल्या कार्डावर तारासाठी एक जाडजूड प्रवासवर्णन काढून आणलं. "मी आदीच माह्यं वाचून टाकलं," त्या म्हणाल्या. "हे तुह्यं. तू बोलशीन का पन? तुले तं आत घेत नाईत."

"बोलीन," तारा म्हणाली. "वाचलंय तर बोलीन."

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. तारा आणि यमुताई डोक्यावरून ओले पंचे घेऊन वाचनालयात पोचल्या. सभागृहाच्या दारात शिपाई धोंडबा उभा होता. आतून वाळ्याच्या कूलरचा थंड वास येत होता.

"ताईसाहेब, तुमाले आत नाई सोडायचं असं सांगून ठेवलं हाये मले," तो ओशाळून म्हणाला.

"नका सोडू," तारा म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

ती खोली वर्तमानपत्रं वाचायची. तिथे कार्ड लागत नसे. रस्त्यावरच्या कोणीही यावं, बसावं, पेपर वाचावा. एक लांब टेबल, दोन बाकं, वर एक जुना पंखा. कोपऱ्यात बाबाराव पेपर वाचत होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला हा माणूस रोज दुपार तिथेच काढी. रंभाबाई सभागृहाकडे गेल्या, दारातून आत डोकावल्या आणि वळून ताराशेजारी येऊन बसल्या. "कूलर त्यायले लखलाभ," त्या म्हणाल्या. "बोल तू."

तारा बोलू लागली. डोंगरातल्या एका पायवाटेचं, बर्फात अडकलेल्या खेचरांचं, लेखक तिथे किती घाबरला होता त्याचं. नागपूरच्या मे महिन्यात बर्फाचं ऐकायला बाबारावांनी पेपर खाली केला. सभागृहातून एक कॉलेजची मुलगी पाणी प्यायला म्हणून बाहेर आली आणि आत गेलीच नाही. मग आणखी दोघं आले. मग बापूजी आले आणि दाराला टेकून उभे राहिले.

शेवटी कृष्णकांत सर स्वतः बाहेर आले. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "इथे पाटी आहे. शांतता राखा. इतरांना वाचायला त्रास होतो."

बाबारावांनी पेपरची घडी घातली. "मले तं काई त्रास नाई," ते म्हणाले. "आजकाल याच्यात वाचासारखं असतेच काय, गुरुजी? बोलू द्या पोरीले."

कोणी हसलं नाही. सेन्सॉरच्या त्या दिवसांत सगळ्यांना अर्थ कळला होता. बापूजींनी रस्त्याकडे उघडणारी खिडकी तेवढी लोटून घेतली.

तेव्हा यमुताई उठल्या. चारचौघांत त्या कधी बोलल्या नव्हत्या. पदर घट्ट धरून त्या सरांना म्हणाल्या, "मी यमुना. हिची सासू. मी तुमचं पुस्तक वाचलं. माझी मोठी जाऊ अशीच होती. आयुष्यभर गप्प राहिली आणि गप्पच गेली. तिच्याबद्दल कोणी कधी काही बोललं नाही. तुमचं पुस्तक वाचताना मला वाटलं, कोणीतरी तिच्याकडे पाहिलं. म्हणून मला आवडलं."

एप्रिलमध्ये इतके लोक कृष्णकांत सरांच्या पुस्तकावर बोलले होते, आणि असं एकही वाक्य कोणी बोललं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. आवाज मऊ झाला. "पाहिलंत, ताराबाई? ज्याला जगणं माहीत आहे त्याला कळतं. चला, आत या. चूक झाली एवढं म्हणा, मी आत्ता कार्ड देतो."

सगळे ताराकडे बघू लागले. यमुताईसुद्धा.

"सर, आईंनी आत्ता जे सांगितलं ते मला सुचलं नव्हतं," तारा म्हणाली. "ते ऐकून मी तुमचं पुस्तक पुन्हा वाचीन. पण त्यांच्या जाऊबाईंना सुद्धा काहीतरी म्हणायचं असेलच ना? ते तुमच्या पुस्तकात नाही. मला तेव्हा आवडलं नव्हतं, आजही आवडलेलं नाही. चूक झाली असं मी म्हणणार नाही."

सरांचा चेहरा पुन्हा आवळला. "धोंडबा," ते म्हणाले, "पंखा बंद कर."

धोंडबानं एकदा बापूजींकडे पाहिलं, एकदा खाली, आणि बटण दाबलं. पंखा हळू होत होत थांबला. सर आत गेले आणि सभागृहाचं दार लागलं.

खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालं. कॉलेजच्या मुलीच्या कपाळावरून घाम ओघळून टेबलावर पडला. कोणीतरी उठेल म्हणून तारा वाट पाहत होती. बाबारावांनी पेपरची पानं सुटी केली आणि वारा घ्यायला एकेकाच्या हातात एकेक दिलं.

"यमुताई," रंभाबाई म्हणाल्या, "तुमचं आयकलं म्या. पन मले नाई पटलं. माही सासू बी अशीच गप होती. तिच्यावर कोनी पुस्तक लिवलं, अन् त्याच्यात बी तिले गपच ठुलं, तं मले चालनार नाई."

"असं कसं?" यमुताई पंचा सावरून त्यांच्याकडे वळल्या. "जी बोललीच नाही तिच्या तोंडी शब्द घालायचे म्हणजे खोटं लिहायचं."

"मंग काय झालं? मनात तं बोलत असंल ना ते?"

ते भांडण चार वाजेपर्यंत चाललं. प्रवासाबद्दल त्या दिवशी पुढे कोणी बोललंच नाही.

कृष्णकांत सर अध्यक्ष होते तोवर ताराला कार्ड मिळालं नाही, आणि तिने ते मागितलंही नाही. श्रीधर बरेच दिवस तिच्याशी तुटक वागला. जूनच्या शेवटच्या रविवारी रंभाबाई इतवारीतल्या तीन शेजारणींना घेऊन त्याच पेपरच्या खोलीत आल्या. बाकं अपुरी पडली, तेव्हा धोंडबानं कोणाला न विचारता सभागृहातल्या खुर्च्या बाहेर आणून दिल्या.