नानांना नाही म्हणायचं होतं

सरांनी भाविकाकडून एवढंच घोटून घेतलं होतं: परीक्षकाच्या डोळ्यांत बघायचं, कुणी सांगायची वाट न बघता खुर्चीत बसायचं, आणि नाही म्हणायचं असेल तिथे सरळ नाही म्हणायचं.

जळगावच्या एका कॉलेजात प्रसंग वठवून दाखवायची स्पर्धा होती. त्यात भाविका कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलची मॅनेजर होणार आणि परीक्षक ओला कापूस घेऊन आलेला जुना व्यापारी. तिने माल नाकारायचा, पण माणूस तोडायचा नाही. शिंदखेड्याची ही पोर वर्गात भल्याभल्यांना गप्प करायची, त्यामुळे सर निर्धास्त होते.

ती आत गेली, तर परीक्षकाच्या खुर्चीत अमृतनाना. तिच्या थोरल्या बहिणीचे, मयुरीचे सासरे. धरणगावला त्यांची स्वतःची जिनिंग, म्हणून कॉलेजने मानाने बोलावलेले. मयुरीला बी.एड. करायचं होतं आणि नानांनी अजून होकार दिला नव्हता. आदल्याच दिवशी ती फोनवर म्हणाली होती, नाना विचार करताहेत, तुमच्यापैकी कुणी त्यांना दुखवू नका.

भाविकाने ओढणी डोक्यावर घेतली, वाकली आणि नानांच्या पाया पडली. शेजारच्या परीक्षक बाई हसल्या. त्यांना हसायला काय जातं? लेक दिलेल्या घराला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. पोट तुडुंब भरलेलं असलं, तरी व्याह्यांनी वाढलेलं मुकाट्याने खातात.

नाना मात्र व्यापारीच झाले होते. "मॅडम, कापूस जरा ओला आहे," ते म्हणाले, "पण गाडी मी परत नेणार नाही."

भाविका बसलीच नाही. टेबलाकडे बघत उभी राहिली. नाही हा शब्द पार ओठांवर आला होता. पण आज आपण यांना तोंडावर नाही म्हटलं आणि घरी जाऊन यांनी मयुरीला नाही म्हटलं तर? तिला फार भीती वाटली.

"उतरवा गाडी, नाना," ती म्हणाली.

निकालात तिचं नाव नव्हतं. सर तिच्याशी धड बोललेही नाहीत. गेली तर गेली स्पर्धा, बहिणीचं बी.एड. तरी राखलं, असं ती परतीच्या एसटीत स्वतःला समजावत राहिली.

दुसऱ्या दिवशी मयुरीचा फोन आला. नाना जेवताना म्हणाले होते, तुझी बहीण एवढी कॉलेजात जाते, पण तिला साधं नाही म्हणता आलं नाही. शिकूनही पोरी अशाच राहणार असतील, तर बी.एड.चा खटाटोप कशाला? घरीच बरी आहेस.

भाविकाला नानांचा राग आला, सरांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"मंग तू काय बोलनी?" तिने विचारलं.

पलीकडे मयुरीने भांडी आवरायला घेतली.

"नही कशी बोलू?" मयुरी म्हणाली. "हाव बोलनी."