नॉर्बर्टची पँट

मरीन दलाच्या वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा आणि पहिला तुकडा हजर असलेल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मरीनला द्यायचा, हा नियम. मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तो तुकडा दरवर्षी डेल्मर प्रूइट हादडायचा, कारण तो नॉर्बर्ट हाउगेनपेक्षा आठवडाभराने मोठा होता. केकचं नॉर्बर्टला काही नव्हतं. पण तुकडा खाणाऱ्याने लढाईतली एक आठवण सांगायची, अशी इथे पद्धत पडली होती. आणि डेल्मरकडे कोरियाच्या युद्धातल्या हिवाळ्याची आठवण एकच होती.

नॉर्बर्टने डब्यातला राजमा बर्फासकट चावून खाल्ला, पोट बिघडलं, बिचारा दोघांच्या मोर्च्याच्या खड्ड्यामागे बसला आणि नेमकी तेव्हाच चिन्यांची बिगुलं वाजली. मग काय, पँट गुडघ्यावर! हॉल हसून लोळायचा. गावातला न्हावीसुद्धा नॉर्बर्टला पाहिलं की पट्ट्याची चौकशी करायचा.

यंदा डेल्मरच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी घातली. नॉर्बर्टने तोंडदेखलं "अरेरे" केलं खरं, पण आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तुकडा खाऊ दे लेकाला, आठवण आता आपण सांगणार. तीही इभ्रतीची.

पट्टा आवळून तो उभा राहिला.

"त्या रात्री हल्ला आला, तेव्हा मी बंदूक रोखून ताठ उभा होतो."

"आणि पँट?" बारवरचा लॅरी ओरडला.

"पँट जागच्या जागी होती!"

सगळ्यांनी डेल्मरकडे पाहिलं. आता हा हातवारे करून आपलं पितळ उघडं पाडणार, या भीतीने नॉर्बर्टला घाम फुटला. पण डेल्मरने गंभीरपणे मान डोलावली. होती म्हणे.

"त्या खड्ड्यात मी एकटाच होतो," नॉर्बर्टने रेटून दिलं.

डेल्मरने त्यालाही मान डोलावली. मग मात्र नॉर्बर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झूट आहे सगळं," तो म्हणाला. "पँट गुडघ्यावरच होती."

हॉल दणाणला.

"हसा लेको! पण हा गाढव दरवर्षी अर्धंच सांगतो. मी बसलो होतो, तेव्हा हा आडोसा सोडून माझ्यापुढे येऊन उभा राहिला. गोळ्या झाडत होता आणि मला सांगत होता, 'होऊ दे सावकाश, बाळा, मी आहे.'"

डेल्मर कानापर्यंत लाल होऊन उठला. "बाबा, बोलायचं नाही हं!" त्याची मुलगी ओरडली, पण तो ऐकतोय कुठला.

"आणि बटणं?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बटणंही मीच लावली याची. बोटं गोठली होती पोराची."