दिवसा आड

"इथे दुखतं का, काका?"

"छे! अजिबात नाही."

डॉक्टरीणबाईंनी नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा जरासा दाबला. काकांनी तोंडावरचं हसू तसंच ठेवलं. पण पायाची पाचही बोटं एकदम आवळली गेली.

"तोंड खोटं बोलतंय, बोटं खरं बोलताहेत," शेकाची पिशवी घेऊन उभी असलेली मावशी फणकारली. "दाबा अजून, बाई. दाबा चांगलं!"

"ताई, तू बहीण आहेस की वैरीण?"

"ते आता माझं मलाच कळेनासं झालंय."

इस्पितळाच्या व्यायामोपचार विभागात मावशीची एकतीस वर्षं गेली होती. पिशव्या गरम करायच्या, टेबलं पुसायची, पडून उठलेल्यांना दांड्यांच्या मधून चालवायचं. डॉक्टर आले नि गेले, मावशी जागची हलली नाही. पळण्याच्या हौसेपायी पाय घालवून बसलेले तिनं ढिगानं पाहिले होते. पहिल्याच दिवशी वाघ मागे लागल्यासारखे पळत सुटायचे, आणि पंधरा दिवसांनी भिंत धरून तिच्या दारात यायचे. 'शरीराला आधी कळू तर द्या, की पळायचंय,' असं ती प्रत्येकाला ऐकवायची. आणि आता त्याच टेबलावर तिचा सख्खा धाकटा भाऊ! जगाला शहाणं करता करता घरात हा अवतार.

भाऊ सत्तावीस वर्षं आगीच्या बंबावर होता. दोन महिन्यांपूर्वी नव्या साहेबांचं फर्मान निघालं : बंबावर चढणाऱ्या प्रत्येकानं मैदानाच्या चार फेऱ्या बारा मिनिटांत पुऱ्या करायच्या. न जमेल त्यानं स्टोअरमध्ये बसून फाटके पाइप जोडायचे. बावन्नाव्या वर्षी, सुटलेल्या पोटाचा भाऊ तोंड पाडून बहिणीकडे आला होता. मावशीनं बाईंना विचारून त्याला सगळं कागदावर लिहून दिलं होतं. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. मऊ जमीन. झिजलेले बूट नकोत. दुखलं तर थांबणं.

"किती पळत होतात?" बाईंनी विचारलं.

"जास्त नाही. रोज अर्धा तास."

"रोज?" मावशीचा आवाज चढला. "रोज कुणी सांगितलं होतं? आणि पळत होतास कुठे? मैदानावर दोनदा येऊन गेले मी, तुझा पत्ता नाही!"

"गोदामाच्या मागे. तिकडे कुणी नसतं."

"तिथे तर नुसतं काँक्रीट आहे! अरे, मऊ जमीन लिहिलं होतं ना?"

"मऊ जमिनीला आडोसा कुठे आहे? भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, भिंतीच्या आड पळत होतो. अगदी तू लिहिलंस तसं."

"मी असलं काही लिहिलेलं नाही!"

भावानं खिशातून चौघडी कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. मावशीनं चष्मा लावला. वरच्याच ओळीत, तिच्याच अक्षरात होतं : दिवसा आड पळ.

मावशी चाळिशीत अक्षरं शिकली होती. मोठा शब्द एका दमात लिहायला अजून जमत नसे. दम घ्यायला ती मध्ये जागा सोडायची. 'दिवसा' लिहून झाल्यावरही तिनं तसाच दम घेतला होता.

"दिवसाआड, रे," ती म्हणाली. "एक दिवस सोडून एक. हाडाला विसावा म्हणून."

"मला वाटलं, तुला लाज वाटत असेल. पोटवाला म्हातारा लोकांसमोर धापा टाकत पळतोय..."

"अरे, विचारायचं तरी!"

"तू चिडली असतीस."

"चिडलेच असते!" मावशी ओरडली, आणि तिनं शेकाची पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

बाईंनी हाडाचा फोटो काढवला. बारीक तडा होता. सहा आठवडे पळणं बंद. चाचणी आठ दिवसांवर आली होती.

बाई दुसऱ्या पेशंटकडे वळल्या तसा भाऊ हळूच म्हणाला, "ताई, तुझ्यासारखी पट्टी इथे कुणाला बांधता येत नाही. त्या दिवशी सकाळी घट्ट बांध. दातओठ खाऊन चार फेऱ्या मारतो. पुढे मोडू दे काय मोडायचं ते."

"नाही बांधणार."

"चूक तुझी, आणि स्टोअरमध्ये मी बसू?"

हे मात्र वर्मी लागलं. मावशीनं हातातली पिशवी टेबलावर ठेवली.

"चूक माझी. शंभरदा माझी. पण मोडायचं ते मैदानावरच मोडेल कशावरून? चवथ्या मजल्यावरून कुणाला पाठीवर घेऊन उतरताना मोडलं, तर त्या माणसाला काय सांगशील? ताईनं लिहिताना जागा सोडली होती म्हणून?"

 भावानं बूट उचलले आणि तो अनवाणीच लंगडत निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो स्वतःहून साहेबांपुढे ठेवला. पुढची चाचणी सहा महिन्यांनी, साहेब म्हणाले, तोवर स्टोअर.

चाचणीच्या सकाळी मावशी रजा टाकून मैदानावर जाऊन बसली. या गाढवाचा काय नेम! पण तो कुंपणाशी उभा राहून पळणाऱ्यांवर खेकसत होता, "अरे, हळू सुरू करा! वाघ लागलाय का मागे?"

तिसऱ्या फेरीला घंटा घणघणली. कुठेतरी आग होती. पळणारे होते तसेच वळले आणि बंबाकडे धावले. त्यांच्याबरोबर भावाचेही पाय सुटले. एक पाऊल, दुसरं. मावशी ताडकन उठली.

तिसऱ्या पावलाला तो आपणच थांबला. मग चालत, एकेक पाऊल जपून टाकत फाटकापाशी गेला, दोन्ही दारं लोटून उघडली आणि वाऱ्यानं मिटू पाहणारं दार पाठीनं भिंतीशी दाबून धरलं. बंब घंटा वाजवत त्याच्या अंगावरून गेल्यासारखा बाहेर पडला. कुणाला मान वळवायलाही सवड नव्हती.

धूळ खाली बसली, घंटा ऐकू येईनाशी झाली, तरी तो दार धरूनच उभा होता.