ताशी सत्तरला येणारा आत्मा

बंद पडलेल्या कारखान्यामागच्या सरळ रस्त्याला त्या सकाळी दोन्ही बाजूंनी माणसं खेटून उभी होती. शाळा बुडवलेली पोरं भिंतीवर, शिकलेसवरलेले लोक मोबाईल उंच धरून पुढे. सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या व्हॅनवर लागलेले. व्हॅन माझ्या ताईची. चालवत होता चाकबाबाचा शिष्य, आणि शेजारी डोळे मिटून, डॅशबोर्डवर पंजा टेकवून बसला होता खुद्द चाकबाबा, गाड्यांतले आत्मे शांत करणारा. छातीवर माईक अडकवलेला, त्यामुळे तो आत खाकरला तरी बाहेर कर्ण्यावर ऐकू येत होतं.

"ये," कर्णा म्हणाला. व्हॅन वेग घेत आमच्यासमोरून गेली. शिष्याने दोन्ही हात वर केले. मागच्या सीटवर तीन साक्षीदार बसवलेले होते. रस्त्याच्या टोकाला गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले ते घाम पुसतच. मोकळं स्टेअरिंग आपोआप थडथडत होतं, म्हणाले, आणि बाबांनी "शांत हो" म्हणताच गप्प झालं. त्यांच्यात कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार होता. एरवी हा माणूस नोट तीनदा उजेडात धरून बघतो. आज त्याने हात जोडले होते.

मग चाकबाबाने आवाज बदलला. माझे भावोजी नऊ महिन्यांपूर्वी छातीत कळ येऊन गेले. त्यांच्या आवाजाशी याचा काडीचा संबंध नव्हता, पण गर्दीला चालला. "मी इथेच आहे. रागावून गेलो, रागातच आहे. माझ्या जागेवर बसू नकोस. सोड ही गाडी." ताई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा माईक ओढून त्याच्याच घशात घालावा असं वाटलं, आणि तरी मी तोंडातून शब्द काढू शकलो नाही, कारण मी मेकॅनिक आहे. वीस वर्षं गाड्यांच्या खाली आडवा पडतोय, आणि त्या व्हॅनचं थरथरणं मला सापडलेलं नव्हतं.

तीन वेळा मी तिच्या चाकांचं बॅलन्सिंग केलं. पुढचे टायर बदलले. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी परत तेच. शेवटी वैतागून मी ताईला म्हणालो होतो की गाडीत काही दोष नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत. हे वाक्य मी बोललो. चाकबाबाला दार उघडून दिलं ते मी.

ताई सकाळी अकरा मुलांना शाळेत सोडायची आणि दुपारी मोठ्या रस्त्याने पेशंट घेऊन शहराच्या दवाखान्यात जायची. भावोजींनंतर घर त्या व्हॅनवर उभं होतं. आता तीन आठवडे ती स्टेअरिंगला शिवली नव्हती. येत्या रविवारी गाडी बाबाच्या मठात सोडायची, तिथेच आत्म्याला शांती मिळणार, असं ठरलं होतं. मठाच्या आवारात आधीच चार गाड्या शांत होऊन उभ्या होत्या. त्यातली एक शिष्य रोज फिरवायचा, पण त्यावर कोणी बोलत नव्हतं.

त्या दुपारी मी ताईकडे गेलो. आधी भांडलो. मग ती म्हणाली, "मला माहीत आहे ते रागावलेत. गेले त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं, ते डबा न घेता निघाले आणि मी हाक मारली नाही." हे ती मला नऊ महिन्यांत पहिल्यांदा सांगत होती. चाकबाबाला मात्र पहिल्याच भेटीत सांगून बसली होती, कारण त्याने विचारलं होतं. स्टेअरिंग थरथरायला लागल्यापासून गाडी बंद करेपर्यंत, म्हणजे तीन महिने, ती रोज किल्ली फिरवण्याआधी स्टेअरिंगवर कपाळ टेकून माफी मागत होती.

मग वीस वर्षांच्या सवयीने, जे परक्या गिऱ्हाइकालाही पहिल्यांदा विचारतो, ते मी तिला विचारलं. गाडी नक्की कधी थरथरते?

"शाळेच्या फेरीला कधीच नाही," ती म्हणाली. "मोठ्या रस्त्याला काटा पासष्टवर गेला की सुरू होतं, पंचाहत्तरच्या पुढे गेलं की थांबतं. रोज तसंच."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. बहीण आहे, तिला गाडीतलं काय कळतंय, असं धरून चाललो होतो. तीन महिने रोज गाडी चालवणाऱ्या बाईला काट्याचा आकडा पाठ होता आणि मी आपला चाकं फिरवत बसलो होतो. बाबाने मात्र तिला विचारून तो आकडा बरोबर हेरला होता. "ये" म्हटलं की शिष्याने सत्तर गाठायचे, "शांत हो" म्हटलं की पाय थोडा सैल करायचा. आत्मा सगळा त्या शिष्याच्या उजव्या पायात होता.

व्हॅन गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली. या वेळी जॅकवर उचलली नाही, चाकं जमिनीवरच ठेवली, गाडीचं वजन जसं रस्त्यावर असतं तसंच. खाली उतरून पुढच्या चाकाला धरणाऱ्या लोखंडी आर्मच्या मुळाशी पहार घातली आणि दाबली. आर्म बोटभर सरकला. तिथे रबराचा बुश असतो, मनगटाएवढा जाड. चाकाचे बारीकसारीक धक्के तो पोटात घेतो, वर हातापर्यंत येऊ देत नाही. त्याचं रबर गोल फाटलं होतं. दुसऱ्या बाजूला तीच गत. प्रत्येक चाकात थोडा असमतोल असतोच, आणि एका ठराविक वेगाला तो सगळ्यात जोरात हलवतो. बुश धड असेल तर कळत नाही. फाटला असेल तर स्टेअरिंग थडथडतं. एवढंच होतं ते.

पण मी हे बुश आधी का बघितले नव्हते? कारण ते मीच घातले होते, भावोजी असताना, दहा महिन्यांपूर्वी. नवीन आहेत, त्यात काय बघायचं, या भरवशावर राहिलो. आणि ते दहा महिन्यांत फाटले का, तेही मला खड्ड्यात उभ्या उभ्या आठवलं. त्या दिवशी खड्ड्यावर दुसरी गाडी होती. घाईत मी व्हॅन जॅकवर टांगून, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले होते. असा बोल्ट आवळला की गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते रोज थोडं थोडं फाटत जातं. आमच्या धंद्यातल्या पोरासोरांना हे ठाऊक असतं. मी शिकवलेल्या चौघांना मी हे ओरडून ओरडून सांगितलंय.

गुपचूप नवे बुश घालून मोकळा झालो असतो. पण मग रविवारी स्टेअरिंग शांत दिसलं असतं आणि श्रेय चाकबाबाने खाल्लं असतं. ताईने ती माफी जन्मभर मागितली असती. म्हणून फाटके बुश तसेच ठेवले, रविवारी सगळ्यांसमोर दाखवायला.

रविवारी गर्दी दुप्पट होती. बाबाने किल्लीसाठी हात पुढे केला. मी ती ताईच्या हातात दिली, काय करायचं ते तिला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि शेजारी दुकानदाराला बसवलं. माझी कटकट नको म्हणून बाबाने हसून परवानगी दिली. ताईने सत्तर गाठले, स्टेअरिंग थडथडलं. साठवर आणले, थांबलं. पुन्हा सत्तर, पुन्हा साठ. तीन वेळा. दुकानदार उतरला तो काट्याकडे बोट दाखवतच.

चाकबाबा मुरलेला होता. पतीचा आत्मा पत्नीचं ऐकणारच, हीच तर माया, असं कर्ण्यावरून सुरू झालं. माना डोलायला लागल्या. मग मी दुकानदारालाच स्टेअरिंगवर बसवलं. त्याच्या हाताखालीही ते सत्तरला थडथडलं आणि साठला थांबलं.

मी गर्दीला विचारलं, "भावोजी आता दुकानदाराचंही ऐकायला लागले का? दोघांचं हयातीत बोलणं नव्हतं." पहिल्यांदा कोणीतरी हसलं, मग बरेच हसले.

मी तिथेच रस्त्यावर पालथा झालो, पहार घातली आणि आर्म हलवून दाखवला. एकेकाला खाली वाकून बघायला लावलं. फाटलेलं रबर पोरांनीही ओळखलं. मग उठून, कपडे न झटकता, मी सांगितलं की हे बुश मी घातले, चुकीचे आवळले, आणि थरथर सुरू झाल्यावर तपासलेही नाहीत. यात भुताचा दोष नाही, माझा आहे. दोन जुनी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती, त्यातलं एक नंतर परत आलं नाही.

बाबा म्हणाला, रबर निमित्त आहे. फाडणारी शक्ती वेगळी आहे. ताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती चिडली की आवाज चढत नाही तिचा, उलट खाली येतो.

"मी तीन महिने रोज माफी मागत होते," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं काटा कुठे गेला की हलतं. तरी तुम्ही मला माफी मागू दिली. का?"

माईक चालू होता. मग त्याने श्रद्धेबद्दल काहीतरी सुरू केलं, पण दुकानदाराने जाऊन वायर उपटली. ज्या चौघांच्या गाड्या मठात होत्या, ते किल्ल्या मागायला पुढे सरकले.

दुपारी मी नवे बुश घातले. गाडी चाकांवर उभी करून, खड्ड्यात उतरून बोल्ट शेवटचे आवळले. ताई वर उभी राहून प्रत्येक बोल्ट मोजत होती. मोठ्या रस्त्याला तिने सत्तरवर काटा ठेवला आणि बोटं सैल सोडली. स्टेअरिंग जागच्या जागी होतं. मग तिने विचारलं, "मग ते माझ्यावर रागावले होते की नव्हते?"

मला खोटं बोलून तिचं मन राखता आलं असतं. तोच तर बाबाचा धंदा. मी म्हणालो, "त्या सकाळी रागावले असतील. संध्याकाळी घरी आले असते तर विसरले असते. ते आले नाहीत. पुढचं कोणालाच माहीत नाही, आणि जो माहीत आहे म्हणतो तो चोर आहे." तिने गाडी बाजूला घेतली आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

चाकबाबा दुसरीकडे कुठेतरी गेला असेल. कदाचित तुमच्याकडेच. तुमच्या मेलेल्या माणसाच्या आवाजात तो बोलायला लागला तर हात जोडू नका. पुन्हा करून दाखव म्हणा. आता मला करू दे म्हणा. काटा किती होता ते विचारा आणि खाली वाकून बघा. आणि माझ्यासारखा कोणी जाणकार तुम्हाला म्हणाला की काही नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत, तर त्यालाही सोडू नका. त्यालाही खाली वाकायला लावा.