ताटातला धुरा

भात

मला भात कोरडा लागतो. डाळ एका वाटीत, भाजी दुसऱ्या वाटीत, आणि एकाचा दुसऱ्याला स्पर्श नको. झाला की माझं जेवण तिथेच संपतं. राजुऱ्यात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे माझं. तांब्याच्या उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की मोटार जळते. लोकांना मी हेच कारण सांगतो. खरं कारण काही नाही.

(इथे जागा सोडली आहे. टेकू नये.)

दालचा

मुलगी बघायला निघालो तेव्हा घुग्घुसच्या बसमध्ये अम्मी म्हणाली, "आकिब, तिथी नखरे करू नको. दोन घरं गेले तुह्या ताटापायी."

"एकच गेलं. दुसऱ्यायनं उंचीपायी नाई म्हटलं."

"त्यायनं बी ताटच सांगतलं. उंचीचं मी सांगतलं, तुले वाईट वाटू नये म्हणून."

सायमाशी मी फोनवर बोललो होतो. ती हसली की मला दुकान बंद करावंसं वाटायचं. हे घर जायला नको होतं.

सायमाचे वडील बशीरचाचा दस्तरखानावर बसले. "आमच्याइथी पोरगा एकाच ताटात बसवून पाह्यतो. उठेपर्यंत समजते."

मोठ्या ताटात भाताचा ढीग. त्यावर चाचांनी दालचा ओतला: डाळ, दुधी, मटणाच्या बोट्या, सगळं एकाच धारेत. धार माझ्याकडे निघाली. मी घाईघाईने भाताचा धुरा घातला, धानाच्या शेताला बांध असतो तसा. वाहत आलेली प्रत्येक बोटी बोटाने पलीकडे ढकलली. धुरा फुटला. बुजवला.

चाचांचा हात थांबला. अम्मीने डोळे मिटले.

बोट्या

"खुर्शीदाबाई," चाचा म्हणाले, "हा कोरडा भात खाऊन राह्यला अन् साऱ्या बोट्या मले देऊन राह्यला. असा पोरगा नाई पाह्यला मी."

अम्मीने एक डोळा उघडला. "लहानपणापासून तसाच आहे जी."

खोटंही नव्हतं.

सगळं एकत्र

निकाहनंतर दर जुम्म्याला सासरी जेवण, एकाच ताटात. मटण मला फार आवडतं, वेगळ्या वाटीत. सासरी अजून एकही बोटी पोटात गेलेली नाही.

परवा सायमाला म्हटलं, "खरं सांगून टाकू का अब्बूले?"

"सांगा. डॉक्टरनं त्यायले मटण बंद केलं. जमाई देते म्हणून कसंबसं गिळून राह्यले."

म्हणून या जुम्म्याला सांगायचंच ठरवून बसलो. सवयीने धुरा घातला. तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी इकडेतिकडे पाहून एक बोटी हळूच धुऱ्यावरून माझ्याकडे सरकवली. रस्सा माझ्या कोरड्या भातावर गळत होता.

मी ती परत सरकवली.

"खाय ना बाबू," चाचा म्हणाले. आवाजात विनवणी होती.

"तुम्ही खा, चाचा," मी म्हणालो.