उसन्या तक्रारी

वेलुकुट्टीची बायको कार्त्यायनी मकर महिन्यात गेली. ऐन पावसाळ्यातला कर्किडकम महिना लागला, पाऊस धरून राहिला, आणि पालक्काडहून मुलगी सुलोचना आली ती वडिलांना वैद्यरांकडे नेणारच म्हणून. या महिन्यात अंगाला तेल लागतं, औषधी कांजी पोटात जाते आणि म्हातारी माणसं पुढच्या वर्षापुरती उभी राहतात. वेलुकुट्टीला उभं राहायचं नव्हतं.

तिरूरकडचे वैद्य म्हातारपण दोन तऱ्हेचं मानतात. वेळेवर आलेलं ते कालजं. त्याला औषध नाही, नुसतं सांभाळायचं. अवेळी आलेलं ते अकालजं. त्यावर मात्र तेल, काढे, पथ्य, सगळा मारा. वेलुकुट्टीला पहिला शब्द हवा होता. नारायणन वैद्यर तेवढं बोलले की सुलोचना मागे लागायची थांबेल, पानमळा कुणाला तरी देता येईल, आणि आपण गुपचूप पडून राहू. काय सांगायचं ते त्यानं मनात घोळवून ठेवलं होतं.

वैद्यर त्याच्याच वयाचे, दोघं एका शाळेतले. त्याला दारात पाहून म्हणाले, "ये. पानवेलीपेक्षा जास्त वाकलास की. वेल निदान पानं तरी देते."

वेलुकुट्टी हसला नाही. बाकावर बसला आणि सांगू लागला. पाय सुजतात, संध्याकाळी जास्त. आडवं झालं की दम लागतो, म्हणून दोन उशा लागतात. तोंडाला कडू चव येते. भाताचा वास नको होतो.

सुलोचनाचा चेहरा उतरला. ती वडिलांना म्हणाली, "अच्छन, हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही."

"तू लगेच घाबरतेस."

वैद्यरांनी नाडी पाहिली. मग खाली वाकून त्याच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला, बराच वेळ धरला आणि काढला. कातडी होती तशीच राहिली, सुजेचा खड्डा पडला नाही. दुसरा पायही त्यांनी तसाच पाहिला. मग सुलोचनाला तेल आणायला बाहेर औषधांच्या खिडकीवर पाठवलं आणि ती गेल्यावर म्हणाले,

"हे सगळं मी ऐकलंय. मकराच्या आधी, धनू महिन्यात, याच बाकावर. आधी पाय, मग उशा, मग कडू तोंड. कार्त्यायनीनं सांगितलं होतं, तू शेजारी बसून ऐकत होतास."

वेलुकुट्टी पायांकडे पाहत राहिला. खोटं बोलतोय असं त्याला वाटलंच नव्हतं. रोज संध्याकाळी तो पाय चोळायचा, आणि चोळताना ते त्याला जड लागायचे.

"झोपतोस कसा?"

"दोन उशांवर."

"लागतात का?"

"तिच्या आहेत," वेलुकुट्टी म्हणाला. मग त्यानं विचारलं, "ती कशानं गेली, वैद्यर? माझ्याकडून काय द्यायचं राहिलं?"

वैद्यरांनी चष्मा काढून नेसलेल्या मुंडूच्या टोकानं पुसला. ते सुद्धा थकलेले दिसत होते. "काही राहिलं नाही. आमच्या शास्त्रात होण्याला कारण शोधतात, सरण्याला शोधत नाहीत. शरीर सरतंच, रोज थोडं. तुझं, माझं, तिचंही सरत होतं. कुणी काही केलं म्हणून नव्हे. तिचं कालजं होतं. मी औषध दिलं ते तिला जरा सोपं जावं म्हणून."

"मग माझंही तेच म्हणा."

"गुडघ्यांचं म्हणतो, डोळ्यांचं म्हणतो. ते वेळेवरच गेलेत, त्यांना हात लावणार नाही. पण तू जेवत नाहीस, ते म्हातारपण नव्हे. त्याला कालजं म्हणता येणार नाही मला. मैत्रीखातरसुद्धा नाही."

वेलुकुट्टीनं पुन्हा मागितलं नाही. मागण्याइतका जोर त्याच्यात नव्हता.

सुलोचना तेलाची बाटली घेऊन आली. वैद्यरांनी तिला सांगितलं, दोन्ही वेळा कांजी, नारळ घालून, आणि ती संपेपर्यंत समोरून उठू नकोस. सुजेबद्दल ते काही बोलले नाहीत.

रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाले, अच्छन? खरं सांगा."

पडद्याच्या फटीतून पाणी येत होतं. वेलुकुट्टीनं भिजलेला गुडघा जरा आत ओढला.

"अजून वेळ आहे म्हणाले," तो म्हणाला. स्टेशनवर गाडी उशिरा आहे असं कळल्यावर माणूस पिशवी पुन्हा खाली ठेवतो, तसं.